अप्लाय करूनही व्हिजिट मिळत नाही? मिस्टरी शॉपिंगची कामं वाटतात तरी कशी

मिस्टरी शॉपिंग करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच, की कामांच्या ऑनलाइन बोर्डावर कोथरूडच्या कॉफी शॉपची व्हिजिट दिसली, मी पाच मिनिटांत अप्लाय केलं, आधीच्या रिपोर्टवरचं रेटिंगही बरं आहे, तरी ती दुसऱ्याच कुणाला गेली, आणि मला मात्र पंचवीस तारखेला फोन येतो तो कुठल्यातरी हायवेवरच्या आउटलेटसाठी. मीही चार वर्षं शॉपर होते आणि चार वर्षं हेच म्हणत होते, की यांच्यात वशिला चालतो. मग २०२२ आणि २०२३ अशी दोन वर्षं एका छोट्या एजन्सीत शेड्युलरच्या खुर्चीत बसले आणि कळलं की वशिलेबाजी करायची म्हटली तरी त्यासाठी आधी माणसं जास्त आणि कामं कमी असावी लागतात, इथे निम्मा महिना उलटा प्रकार असतो.

ज्यांना हे प्रकरणच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. ब्रँड स्वतःच्याच दुकानात गुपचूप गिऱ्हाईक पाठवतो, ते गिऱ्हाईक साध्या माणसासारखं खरेदी करतं, घरी येऊन लांबलचक फॉर्म भरतं, बिलाचा फोटो लावतं आणि त्याला थोडी फी आणि खर्च केलेले पैसे ठरलेल्या मर्यादेत परत मिळतात. अमेरिकेत १९४० च्या दशकापासून हे चालत आलंय, १९९८ मध्ये तिकडे या एजन्सींची एमएसपीए नावाची संघटना पण झाली. पूर्वी फोन करून कामं द्यायचे आणि फॉर्म पोस्टाने नाहीतर फॅक्सने यायचे, आता सॅसी, शॉपमेट्रिक्स अशी सॉफ्टवेअर आहेत त्यांच्यावर सगळं चालतं. ब्रँड शॉपरला थेट ओळखत नाही. मध्ये एजन्सी असते आणि एजन्सीत कुठली व्हिजिट कुणाला द्यायची हे बघणारा माणूस म्हणजे शेड्युलर.

आता खरी गंमत. शेड्युलरच्या हातात महिन्याच्या सुरुवातीला ब्रँडकडून नुसती दुकानांची यादी येत नाही, अटींचं बोचकं येतं. प्रत्येक आउटलेटला महिन्यातून दोन व्हिजिट, एक १५ तारखेच्या आत आणि एक नंतर, दोन्हींत किमान सात दिवसांचं अंतर, निम्म्या शनिवार-रविवारी, काही दुपारच्या गर्दीत आणि काही संध्याकाळी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक माणूस एकदा ज्या आउटलेटला गेला तिथे पुढचे ९० दिवस त्याने पाऊल ठेवायचं नाही. याला म्हणतात रोटेशन. कारण उघड आहे, काउंटरवरच्या पोराने तुमचा चेहरा ओळखला की सगळं मुसळ केरात, तो तुम्हाला बघून असा काही हसेल आणि असं काही 'वेलकम सर' करेल की रिपोर्ट एकदम दहापैकी दहा. त्यात ब्रँड अजून एक अट घालतो, की एका माणसाने महिन्यात आमच्या दोनच व्हिजिट करायच्या, मग आउटलेट वेगवेगळी का असेनात.

हे सगळं ऐकायला सोपं वाटतं, पण जरा आकडे मांडून बघा. समजा पुण्यात या ब्रँडची १२ आउटलेट आहेत. महिन्याला २४ व्हिजिट, माणशी दोन, म्हणजे १२ माणसं. तीन महिन्यांत प्रत्येक दुकानात सहा वेगळे चेहरे लागतात, आणि आपली १२ माणसं तीन महिन्यांत प्रत्येकी सहा वेगवेगळ्या दुकानांत फिरली की ७२ च्या ७२ व्हिजिट बरोब्बर बसतात, चौथ्या महिन्यात पहिल्याला पुन्हा पहिल्या दुकानात पाठवता येतं. कागदावर तरी बारा दुकानं, बारा माणसं, झालं काम. आता चिपळूणला याच ब्रँडचं एकच आउटलेट आहे असं धरा. तिथेही महिन्याला दोन व्हिजिट, तिथेही ९० दिवस. तीन महिन्यांत सहा चेहरे. म्हणजे पुण्यात एका दुकानामागे एक माणूस पुरतो आणि चिपळूणला एका दुकानामागे सहा लागतात, आणि आमच्या यादीत अख्ख्या चिपळुणात नाव नोंदवलेली माणसं होती दोन. त्यातले एक सर निवृत्त शिक्षक, त्यांना अर्धं गाव ओळखतं, ते गुपचूप गिऱ्हाईक म्हणून कुठे जाणार.

शॉपरला ही गोष्ट दिसतच नाही, कारण त्याला फक्त स्वतःची व्हिजिट दिसते. शेड्युलरच्या डोक्यात मात्र फी वगैरे दुय्यम असते, त्याला सतत मोजावं लागतं ते हे की या माणसाला आज इथे वापरलं तर पुढचे ९० दिवस इथे तो बाद, आणि या महिन्यातली त्याची एक संधी गेली. ऑफिसात आम्ही सरळ 'हिचं कोथरूड जळलं', 'त्याचं औंध ऑक्टोबरपर्यंत जळलंय' असंच बोलायचो, बाहेरच्या माणसाने ऐकलं असतं तर अग्निशमन दलाला फोन केला असता.

एका सोमवारी सकाळचं चित्र सांगते, म्हणजे निवड कशी होते ते कळेल. कोथरूडची वीकेंडची व्हिजिट, महिन्याची तीन तारीख, नऊ जणांनी अप्लाय केलेलं. दोघांचं रोटेशन संपलेलं नव्हतं, ते सिस्टिमनेच लाल करून ठेवलेले. एक जण बारामतीचा, कोथरूडला शंभर किलोमीटर येणार म्हणतो, येईलही, पण अशा लांबच्या माणसाचं शुक्रवारी रात्री 'मॅडम जमत नाहीये' येण्याची शक्यता जास्त. एकीच्या नावावर आधीच्या चार व्हिजिटचे रिपोर्ट बाकी. एकाने गाइडलाइनवरची छोटी परीक्षाच दिलेली नाही, ती पास झाल्याशिवाय व्हिजिट देता येत नाही. आणि एकाचा मोबाईल नंबर अडकला. राहिले तिघं. त्यातली एक वारज्याची, रेटिंग साडेनऊ, स्वतःची गाडी. दुसरा आठ रेटिंगवाला, गाडी नाही. तिसरी अगदी नवीन, एकही व्हिजिट न केलेली. बाहेरून बघणारा म्हणेल साडेनऊवालीला द्या की. पण तिची या महिन्यातली या ब्रँडची एक व्हिजिट आधीच झालेली, एकच उरलेली, आणि खेड शिवापूरचं हायवेवरचं आउटलेट माझ्याकडे अजून रिकामं, तिथे दुचाकीवरून संध्याकाळी कोण जाणार. मग ती मी खेड शिवापूरसाठी राखून ठेवली. कोथरूड दिलं नवीन मुलीला. का, तर तारीख तीन आहे, तिने घोळ घातला तरी १५ च्या आत दुसरं कुणी पाठवायला वेळ आहे, आणि कोथरूडसाठी माणसं मिळतात. आठवाल्याला त्या दिवशी काहीच मिळालं नाही, त्याला महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात दिलं. त्याला बिचाऱ्याला अजूनही वाटत असेल की वशिला.

म्हणजे चांगल्या शॉपरला सोप्या व्हिजिटसाठी नकार मिळतो तो बऱ्याचदा तो चांगला आहे म्हणूनच. हे मी शॉपर असताना कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. आणि नवीन असाल तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात शहरातल्या व्हिजिटना अप्लाय करा, अठ्ठावीस तारखेला नवीन माणसावर कुणी डाव लावत नाही.

तो मोबाईल नंबरचा किस्सा सांगायचा राहिला, तो आपल्याकडचा खास आहे. आपल्याकडे कुठेही बिल करायला गेलात की पहिला प्रश्न 'मोबाईल नंबर?' आणि नंबर टाकला की काउंटरच्या स्क्रीनवर तुमचं नाव, मागच्या खरेद्या, पॉइंट सगळं येतं. मग चेहरा नवा असून उपयोग काय. बऱ्याच घरांत नवरा-बायको दोघंही शॉपर असतात आणि दोघंही पॉइंट जमावेत म्हणून एकच नंबर देतात, म्हणजे आमच्या यादीत माणसं दोन आणि दुकानाच्या लेखी गिऱ्हाईक एकच. म्हणून आम्ही रोटेशन माणसाचं वेगळं आणि नंबरचं वेगळं असं ठेवायला लागलो. गाडीच्या शोरूमला तर हे फारच कडक, तिथे एकदा चौकशी केली की सेल्सवाला महिनाभर फोन करून पिच्छा पुरवतो, त्यामुळे तिथे त्याच नंबरने वर्षभर तरी पाठवायचं नाही असा आमचा नियम होता. बाकी ठिकाणी अटी दुकानाप्रमाणे बदलतात, चष्म्याच्या दुकानात खरोखर चष्म्याचा नंबर असलेला माणूस लागतो, बँकेत काही कामांसाठी त्याच बँकेचा खातेदार लागतो, आणि साड्यांच्या दुकानात एकटा पुरुष पाठवला तर तो दहा मिनिटांत उघडा पडतो, सेल्समन तीन वेळा विचारतो, 'वहिनी मागून येतायत का?'

काही व्हिजिट अशा असतात की अप्लाय वगैरे करावं लागत नाही, बटण दाबलं की तुमच्या नावावर. त्याला सेल्फ असाइन म्हणतात. शॉपर खूष, शेड्युलरचा वेळ वाचतो, पण एक गोची आहे. रात्री बारा वाजता बोर्ड उघडला की बारा वाजून दहा मिनिटांनी मॉलमधल्या, मेट्रोजवळच्या, पार्किंगवाल्या सगळ्या व्हिजिट उचललेल्या असतात आणि उरतं ते कुणालाच नको असलेलं. वर ज्यांनी उचलल्या त्यांची महिन्याची मर्यादा संपते, म्हणजे अवघड जागेसाठी त्यांना विचारताही येत नाही. म्हणून एजन्स्या हे बटण थोड्याच कामांना ठेवतात, आणि ठरावीक रेटिंगच्या वरच्यांनाच दिसेल असं करतात. आमच्याकडे प्रत्येक रिपोर्टला तपासणारा एडिटर १ ते १० मध्ये मार्क द्यायचा आणि सरासरी आठच्या खाली असेल तर हे बटण दिसायचंच नाही.

अजून एक, बोर्डावर काम दिसण्यासाठी किंवा नाव नोंदवण्यासाठी कुणी पैसे मागत असेल, किंवा टेलिग्रामवर 'पहिला टास्क फ्री, पुढच्यासाठी डिपॉझिट' चाललं असेल, तर ते मिस्टरी शॉपिंग नाही, ती टोपी आहे. खऱ्या एजन्सीला तुमचा पॅन लागतो, बँक खातं लागतं, पैसे मिळायला महिना-दोन महिने लागतात म्हणून तुम्ही तिला शिव्याही घालता, पण पैसे तिच्याकडून तुमच्याकडे येतात, उलटे जात नाहीत.

व्हिजिट दिली म्हणजे संपलं असं नाही. माझाच शॉपर असतानाचा घोळ सांगते. जंगली महाराज रस्त्यावरचं आउटलेट मिळालेलं, आणि त्याच ब्रँडचं दुसरं फर्ग्युसन रस्त्यावर. मी मैत्रिणीशी गप्पा मारत मारत फर्ग्युसनवाल्यात शिरले, अर्धा तास बसले, वेटरचं नाव, टेबल पुसायला किती मिनिटं लागली, सगळं मनात नोंदवलं, घरी येऊन बिलाचा फोटो अपलोड करताना पत्ता बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला. व्हिजिट रिजेक्ट, फी नाही, चारशे रुपयांचं खाणं खिशातून. तेव्हा मला वाटलं नुकसान माझं एकटीचं झालं. पुढे शेड्युलर झाल्यावर उमगलं की मी त्या दिवशी किती जणांची वाट लावली होती. फर्ग्युसनला माझा चेहरा दिसला, म्हणजे तिथलं माझं रोटेशन फुकट गेलं. दोनच दिवसांनी तिथे ज्या शॉपरची व्हिजिट ठरलेली ती अंतराच्या नियमात बसेना म्हणून पुढे ढकलावी लागली. आणि जंगली महाराज रस्त्याचं आउटलेट रिकामंच राहिलं, त्यासाठी नवीन माणूस शोधायचा. एक चूक, तीन व्हिजिट हलल्या.

म्हणूनच शेड्युलर लोक रद्द करणाऱ्यावर फारसे चिडत नाहीत, न सांगता न जाणाऱ्यावर चिडतात. तुम्ही चार दिवस आधी कळवलंत तर ती व्हिजिट परत बोर्डावर जाते, अजून कुणीतरी उचलतं. पण शेवटच्या तारखेला फोनच उचलत नाही, मेसेजवर निळ्या टिका येतात आणि उत्तर नाही, अशा माणसाच्या नावापुढे खूण होते आणि पुढे त्याला काम दिसायचं हळूहळू बंद होतं. त्याला कुणी काढून टाकल्याचं कळवत पण नाही.

आता वीस तारखेनंतरचे फोन. ब्रँडला महिन्याच्या शेवटी पूर्ण आकडा हवा असतो, १००ची ऑर्डर असेल तर ९६ वर तो खूष नसतो, आणि एजन्सीला बिल पूर्ण झालेल्या व्हिजिटचंच लावता येतं. म्हणून उरलेल्या व्हिजिटवर बोनस चढायला लागतो. समजा फी ३०० असेल तर २२ तारखेला ४०० होते, २६ ला ५५०, आणि अगदीच अडलं तर वर पेट्रोल वेगळं. काही शॉपर हे ओळखून मुद्दाम थांबतात. चालतं, पण शहरातल्या व्हिजिटसाठी थांबलात तर ती बोनस चढायच्या आत जाते, थांबण्यात फायदा आहे तो अडनिड्या जागांच्या व्हिजिटसाठी. आणि फोन आला की लगेच हो म्हणू नका, विचारा की त्या रस्त्यावर अजून काय काय उरलंय. आमचे एक काका होते, निवृत्त, जुनी व्हॅगनआर, ते महिन्याच्या शेवटी पुणे ते कोल्हापूर असा एकच फेरा मारायचे. साताऱ्याला नाश्त्याची व्हिजिट, कराडला पेट्रोल पंप, कोल्हापुरात दुपारचं जेवण आणि कपड्यांचं दुकान, रात्री बहिणीकडे मुक्काम, येताना उलट्या बाजूच्या दोन. एकेक व्हिजिट परवडणारी नव्हती पण सहाची माळ केली की परवडायची, आणि माझ्या स्क्रीनवरचे रिकाम्या व्हिजिटचे सहा लाल चौकोन एका माणसात हिरवे. अशा माणसाला शेड्युलर स्वतःहून फोन करतो, बोर्डावर काम टाकण्याच्या आधी. हाच तो वशिला, असलाच तर.

आणि सॉफ्टवेअरला एक गोष्ट अजिबात कळत नाही, ती म्हणजे आपलं पंचांग. तळलेल्या चिकनच्या एका साखळीचं काम होतं, अट अशी की व्हिजिट सोमवार ते गुरुवारच्या दरम्यानच. आता सोमवारी शंकराचा, मंगळवारी गणपतीचा, गुरुवारी दत्ताचा नाहीतर स्वामींचा, उरला बुधवार, आणि सगळ्या पुण्याला बुधवारच हवा. त्यात २०२३ ला अधिक श्रावण आला, म्हणजे १८ जुलैपासून १५ सप्टेंबरपर्यंत श्रावणच श्रावण, एरवी बोनस न मागणारे लोक बोनस दिला तरी चिकन खायला तयार नव्हते. शेवटी तो गड आमच्या ख्रिश्चन आणि मुस्लिम शॉपरनी आणि हॉस्टेलवरच्या पोरांनी राखला. सोन्याच्या दुकानांचं वेगळंच. दसरा-धनतेरसला इतकी गर्दी की सेल्समनने नीट बोलायची अपेक्षा करणंच चूक, म्हणून ब्रँडच म्हणतो त्या दिवसांत नको, आणि पितृपक्षात अख्ख्या दुकानात तुम्ही एकटेच मंगळसूत्राचे डिझाइन बघत बसलात तर काउंटरवाल्यापासून सिक्युरिटीपर्यंत सगळे तुमच्याकडेच बघतात.

चिपळूणचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मी शॉपरच्या नोंदीत रिमार्क्सचा एक रिकामा रकाना होता त्यात 'गाव' लिहायला सुरुवात केली. फोनवर बोलता बोलता विचारायचे, गाव कुठलं तुमचं, गणपतीला जाता का. डोंबिवली, लालबाग, नालासोपारा, ठाणे, निम्मी माणसं कोकणातली निघाली. २०२२ ला गणपती ३१ ऑगस्टला बसले, म्हणजे चाकरमानी २९-३० लाच निघणार. एका ताईंना ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्याची व्हिजिट ३० तारखेला दिली, गाडी चहाला थांबेल ती याच दुकानात थांबवा म्हटलं, नवरा कुरकुरला म्हणे, पण थांबवली. आणि गौरी-गणपतीचं विसर्जन करून ६ सप्टेंबरला परत निघालेल्या एका दादांना सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्याची. बरोब्बर सात दिवसांचं अंतर, दोन नवे चेहरे, दोन नवे नंबर, बोनस शून्य. दादांच्या रिपोर्टमध्ये 'काउंटरवर किती वेळ थांबावं लागलं' या प्रश्नाला उत्तर होतं २६ मिनिटं, कारण पुढे एसटीची एक अख्खी बस उतरली होती, आणि एडिटरने मला विचारलं होतं की हा आकडा टायपो आहे का.